नकाशावरची विहीर

डहाणू तालुक्यातील आमचे कैनाड म्हणजे पाड्यापाड्यांनी पसरलेले गाव. गेल्या उन्हाळ्यात एका पाड्यावरची म्हातारी वनजमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन शाळेत आली. "गुरुजी, ही विहीर माझ्या सासऱ्याने खणली. नकाशात कुठे आहे ती दाखवा." मी कागद उलटसुलट करून पाहिला. विहीर नव्हतीच, पाड्याचे नावसुद्धा नव्हते.

2006च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत जुन्या विहिरी, स्मशाने, देवाची ठिकाणे हीही पुरावा म्हणून धरतात. म्हणजे प्रश्न साधा नव्हता. मी पडलो मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. मुलांना नकाशा वाचायला शिकवीत आलो. काढायचे धाडस कधी केले नव्हते.

नकाशे काढणारे आजवर निराळेच असत. सर्वेक्षण खाते 1767 सालचे, कंपनी सरकारच्या अमदानीतले. 1802 साली विल्यम लॅम्टन याने मद्रासजवळ पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची रेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो निघाला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्रच अर्ध्या टनाचे! वीस वर्षे हा उद्योग करून 1823 साली तो आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथेच आहे. वर्धेकडच्या किती वाचकांना हे ठाऊक असेल? त्याला स्वतःला पृथ्वीच्या आकाराचे वेड होते, हे खरे. पण त्या त्रिकोणांवर जे नकाशे उभे राहिले ते राज्यकर्त्यांच्या कामाचे. वारल्याच्या विहिरीची चौकशी त्यांत कोण करणार?

आता पाहा काळाची गंमत. 2002 साली अलास्कातील गॅरी शर्मन या गृहस्थाने नकाशे पाहण्यासाठी संगणकाचा एक कार्यक्रम लिहायला घेतला, आणि तो कुलूपबंद न ठेवता जगापुढे उघडा टाकला. शेजारणीने फराळाचे ताट पाठवावे आणि सोबत भाजणीचे प्रमाणही लिहून द्यावे, तसे! मग देशोदेशींच्या लोकांनी त्यात आपापली भर घातली. त्याचे नाव क्यूजीआयएस. दमडी पडत नाही. 2004 साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट याने सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच भरावयाचा जगाचा नकाशा. तो याच्या तळाशी अंथरता येतो.

एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या संगणकावर हे सारे बसवून दिले. कल्पना सोपी आहे: पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे थर. एका थरावर विहिरींचे ठिपके, दुसऱ्यावर वाटांच्या रेघा, तिसऱ्यावर शेतांच्या हद्दी. मुले मोबाइल घेऊन पाड्यावर गेली आणि ठिकाणांचे आकडे वहीत उतरवून आली. मी ते मोठ्या ऐटीत भरले. पडद्यावर पाहतो तो सगळीकडे निळे पाणी! आमची विहीर नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडली होती.

मुले पोट धरून हसली. चूक सातवीतल्या मुलीने काढली. एक्सच्या रकान्यात रेखांश हवा, वायच्या रकान्यात अक्षांश. आपला अक्षांश सुमारे 20, रेखांश 73च्या आसपास. मी उलटे लिहिले होते. ज्याने पंचवीस वर्षे भूगोल शिकवला त्याने!

आकडे फिरवताच विहीर कैनाडला परत आली, पण ओढ्याच्या भलत्याच काठाला. मोबाइलचा अंदाज झाडांखाली काही मीटर चुकतो. मग म्हातारीलाच शेजारी बसविले. तिने पडद्यावर बोट ठेवून बांध, वाट, सासऱ्याचे शेत एकेक सांगितले, आणि आम्ही ठिपका सरकवीत गेलो.

नकाशा छापून, वडीलधाऱ्यांच्या जबाबासह दाव्याला जोडला आहे. निकाल यायचा आहे. परवा म्हातारी पुन्हा आली. विहिरीपाशी आंबा आहे, तो का नाही काढला म्हणून माझ्यावर रागावली. आता झाडांचा चौथा थर चालू केला आहे.