तोबियाचा कुत्रा आणि सिरोंचाची वाट

तोबीतचा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात येतो. निनवेच्या बंदिवासातही तोबीत भुकेल्यांना अन्न देई, उघड्यांना वस्त्र देई, बेवारस मृतांना मूठमाती देई. अशाच एका दफनानंतर तो भिंतीलगत निजला असता चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडली आणि त्याची दृष्टी गेली. आजवर देणारा हात आता घेणारा झाला. पत्नी विणकाम करून घर चालवू लागली आणि तिच्याशी झालेल्या कलहानंतर तर त्याने देवाजवळ मरण मागितले. पुढे त्याचा पुत्र तोबिया दूरच्या प्रवासाला निघाला, तेव्हा सोबतीला राफाएल देवदूत होता आणि मागोमाग एक कुत्राही. हा कुत्रा काही आंधळ्याचा वाटाड्या नव्हता. तरीही अंधत्व, दयेची कृत्ये आणि कुत्र्याची सोबत ही तिन्ही या ग्रंथात एकत्र आली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

फ्रान्सचा राजा संत नववा लुई याने १२६० च्या सुमारास पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी आश्रम स्थापन केला. तेथील अंध बंधुभगिनी धर्मसंघाप्रमाणे राहत. उपकारकर्त्यांसाठी प्रार्थना करणे हे त्यांचे कर्तव्य असे आणि आश्रमाच्या कारभारातही त्यांना वाटा असे. याच आश्रमात १७८० च्या सुमारास कुत्र्यांना वाट दाखविण्यास शिकविले गेल्याचे सांगतात. व्हिएन्नाचे अंधशिक्षक योहान विल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ मध्ये त्या शिक्षणाची पद्धत लिहून ठेवली. पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ साली डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे अशा कुत्र्यांची पहिली शाळा काढली. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन अमेरिकेस परतला आणि पुढच्याच वर्षी तेथे ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली.

या कुत्र्याचे काम नीट समजून घेतले पाहिजे. कोठे जायचे ते कुत्रा ठरवीत नाही, मालक ठरवितो. वाट मालकाच्या मनात असते. वाटेतला खड्डा, पायरी, वाहन एवढेच कुत्रा सांभाळतो आणि समोर धोका असेल तर आज्ञा झाली तरी पाऊल उचलीत नाही. म्हणजे तो अंधाला ओढून नेत नाही, अंधाच्या इच्छेला पाय देतो. अशा सोबतीने माणूस प्रार्थनेला जाऊ शकतो, आजाऱ्याच्या भेटीस जाऊ शकतो, मुलांना धर्मशिक्षण द्यायला जाऊ शकतो. घेणारा हात पुन्हा देणारा होतो.

ख्रिस्तसभेलाही ही दृष्टी येण्यास वेळ लागला. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार वेदीवरील सेवेच्या आड येणारे शारीरिक व्यंग हा गुरुदीक्षेतील अडथळा होता. १९८३ च्या संहितेतील अडथळ्यांच्या यादीत शारीरिक व्यंग उरले नाही.

आता आपल्या सिरोंचाकडे वळू. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळचा, १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात असलेला आणि आता गडचिरोलीत मोडणारा हा तालुका. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या चांदा धर्मप्रांतात हे दोन्ही जिल्हे येतात. बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानी पडते आणि जंगलातल्या वस्त्यांवर गोंडी व माडिया. येथे शिकविलेला कुत्रा आणला तरी तो चालणार कोठे? रस्त्याला पदपथ नाही. वैशाखात डांबर तापून पंजे भाजतात. गावोगावची मोकाट कुत्री अंगावर धावून येतात. रानात बिबट्या आहे. पॅरिस आणि ओल्डेनबुर्गच्या फरसबंद रस्त्यांवर फुललेली ही सोय येथे जशीच्या तशी रुजणार नाही.

परंतु त्या कुत्र्याचा धर्म येथे रुजू शकतो. अंधाला दंडाला धरून ढकलू नये. आपला हात पुढे करावा, त्याने आपल्या कोपराच्या वर धरावे आणि अर्धे पाऊल मागून चालावे. वाट त्याने सांगावी, खड्डा आपण सांगावा. एवढे शिकायला प्रशिक्षणशाळा लागत नाही. धर्मग्रामातला दहा वर्षांचा मुलगाही ते शिकेल.

याच प्रदेशाने हा धडा एकदा गिरविला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती भिक्षापात्राऐवजी काम दिले. ज्यांना समाजाने टाकले होते, त्यांनीच १९६४ च्या सुमारास आपल्या श्रमांनी महाविद्यालयाची इमारत उभी केली आणि त्यात इतरांची मुले शिकली.

आपण उपवासकाळात अंधांसाठी दानपेटी फिरवितो. ते चांगलेच आहे. पण मिस्साबलिदानात वाचन करण्यास, मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेण्यास, एकाकी वृद्धांची विचारपूस करण्यास आपण त्यांना कधी बोलावतो का? ब्रेलमधून वाचणारी बोटे आणि शेकडो प्रार्थना साठविणारी स्मृती आपल्या मागच्या बाकांवर स्वस्थ बसून असते. तोबीतला दृष्टी परत मिळाल्यावर तो पुन्हा दानधर्माला लागला. आपल्यातील ज्यांना ती मिळणार नाही, त्यांनी सेवेसाठी तिची वाट पाहत का बसावे? त्यांना फक्त एक कोपर हवे आहे. ते पुढे करणे आपल्या हाती आहे.