२ ऑस्कर, २३ वर्षं खासदारकी आणि मग किंग लिअर : ग्लेंडा जॅक्सनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इयरफोन लोकलच्या गर्दीत कुठेतरी अडकून तुटलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मी मध्ये मध्ये जे अडखळलो ते गाळलंय. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो, कारण हा विषय मला तिथूनच सुचला. माझ्या रेझ्युमेत ८ महिन्यांची गॅप आहे. बाबांचं ऑपरेशन होतं, मी नोकरी सोडून घरी होतो. नंतर एका इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या माणसानं त्या ८ महिन्यांबद्दल मला ३ वेळा विचारलं. कोड लिहून दाखवला, सिस्टीम डिझाइन समजावून सांगितलं, तरी गाडी परत तिथेच. नोकरी अर्थातच मिळाली नाही. त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइलवर काहीबाही बघत होतो, आणि एका नाटकाचे फोटो समोर आले. विस्कटलेले आखूड पांढरे केस, हाडं दिसणारा चेहरा, डोळ्यांत जाळ. शेक्सपिअरचा राजा लिअर. आणि तो राजा साकारणारी होती ८० वर्षांची बाई, जी २५ वर्षं रंगभूमीवर आलीच नव्हती.

२५ वर्षांची गॅप! म्हटलं, हिची गोष्ट सांगायलाच हवी.

गवंड्याची पोर

ग्लेंडा जॅक्सनचा जन्म ९ मे १९३६चा. गाव बर्कनहेड, म्हणजे लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे. वडील गवंडीकाम करायचे, आई लोकांच्या घरची साफसफाई करायची. ४ बहिणींत ही थोरली. नाव मात्र हॉलिवूडवरून आलेलं. ग्लेंडा फॅरेल नावाची तिकडची एक नटी होती, तिच्यावरून.

१६व्या वर्षी शाळा सुटली आणि ती बूट्सच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली. औषधं, साबण, कंगवे. तिथे २ वर्षं गेली. संध्याकाळी गावातल्या हौशी नाटक मंडळीत जायची. तिथे कुणीतरी सांगितलं, तू हे शिकायला हवंस. तिनं अर्ज केला आणि १९५४ मध्ये तिला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टची स्कॉलरशिप मिळाली. या संस्थेचं छोटं नाव आहे 'राडा'. आपल्याकडचा राडा नव्हे! तो पुढे येणारच आहे.

आता हे बघा. राडामधून बाहेर पडताना तिला सांगण्यात आलं की चाळिशी येईपर्यंत फार काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. का? कारण ती त्या काळच्या व्याख्येत सुंदर नव्हती. नायिका व्हायला तो चेहरा चालणार नाही आणि आयांच्या भूमिकांना वय कमी पडतं, असा हिशेब. नंतरची काही वर्षं अगदी तशीच गेली. १९५७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल पडलं, पण मग लहानसहान गावांतल्या कंपन्या, मधले रिकामे महिने, आणि पोटासाठी मिळेल ती नोकरी.

वेड्यांच्या इस्पितळातलं नाटक

फाटा फुटला १९६४ मध्ये. पीटर ब्रूक हे नाव आपल्याला 'महाभारत'मुळे माहीत आहे. १९८५ मध्ये ९ तासांचं महाभारत रंगमंचावर आणणारा हाच तो दिग्दर्शक. त्या वेळी तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत एक प्रयोग करत होता. प्रेक्षकाला गोंजारायचं नाही, हादरवायचं, अशा थिएटरचा. त्याच्या गटात ग्लेंडा निवडली गेली.

त्यातून आलं पीटर वाइसचं 'मारा-साद'. नाटकाची मांडणी भन्नाट आहे. १८०८ साल, फ्रान्समधलं शारांतोंचं वेड्यांचं इस्पितळ. तिथले रुग्ण मिळून एक नाटक करतायत, फ्रेंच क्रांतीतला नेता मारा याच्या खुनाचं. ग्लेंडाला करायची होती एक रुग्ण, जी मधेच झोपेत कोसळते आणि जी नाटकातल्या नाटकात खून करणाऱ्या शार्लोट कोर्देची भूमिका करते. म्हणजे एकाच शरीरात दोन बायका, एक झोपाळू आणि एक हातात सुरा घेतलेली. एका प्रसंगात ती मार्की द सादला चाबकानं मारते, फक्त चाबूक नसतो. स्वतःच्या लांब केसांनी मारते! लंडननंतर हे नाटक १९६५ मध्ये ब्रॉडवेवर गेलं, १९६७ मध्ये त्याचा सिनेमा आला. ज्या चेहऱ्याला काम मिळणार नव्हतं, तो चेहरा आता कुणी विसरू शकत नव्हतं.

ऑस्कर घ्यायला न गेलेली बाई

पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती यशाची आहेत आणि यशात सांगण्यासारखं तसं कमी असतं. केन रसेलचा 'विमेन इन लव्ह' १९६९ मध्ये आला, डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवरचा. शूटिंगच्या वेळी ती गरोदर होती. या सिनेमासाठी १९७१ मध्ये पहिला ऑस्कर. त्याच वर्षी बीबीसीवर 'एलिझाबेथ आर', ६ भागांची मालिका. तरुण राजकन्येपासून ६९ वर्षांच्या मरणाऱ्या राणीपर्यंत सगळी वयं तिनंच केली. राणीचं उंच कपाळ दिसावं म्हणून विग वगैरेची युक्ती न करता तिनं डोक्याचा पुढचा भाग सरळ भादरून टाकला. या मालिकेनं तिला २ एमी मिळवून दिले.

आणि त्याच वर्षी मॉरकम आणि वाइज या विनोदी जोडीच्या टीव्ही शोमध्ये ती क्लिओपात्रा झाली. निव्वळ धिंगाणा. पण तो धिंगाणा पाहून मेल्विन फ्रँक नावाच्या दिग्दर्शकाला वाटलं, अरे, हिला तर विनोद जमतो! त्यानं तिला 'अ टच ऑफ क्लास'मध्ये घेतलं आणि १९७४ मध्ये दुसरा ऑस्कर.

दोन्ही वेळा ती समारंभाला गेलीच नाही. बाहुल्या आईकडे दिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं लख्ख करणाऱ्या आईनं म्हणे त्या इतक्या घासल्या की वरचा सोनेरी मुलामा निघून गेला आणि आतला धातू दिसायला लागला. ग्लेंडा हा किस्सा हसत सांगायची.

सगळं सोडून संसदेत

इथपर्यंतची गोष्ट छान आहे, पण अशा गोष्टी बऱ्याच आहेत. वेगळेपणा इथून पुढे.

८०च्या दशकात ब्रिटनवर मार्गारेट थॅचरचं राज्य होतं. खाणी, कारखाने बंद पडत होते, सरकारी सेवांवरचा खर्च आवळला जात होता. ग्लेंडा मजूर पक्षाची जुनी समर्थक. गवंड्याच्या घरातल्या मुलीला सरकारी स्कॉलरशिपवर राडात जाता आलं, ती शिडी आपल्या मागे काढून घेतली जातेय, असं तिला वाटत होतं. दुसरी गोष्ट, पन्नाशी ओलांडलेल्या बाईसाठी लिहिलेल्या भूमिका तिला कंटाळवाण्या वाटायला लागल्या होत्या. नाटककारांना बायका मुळात इंटरेस्टिंग वाटतच नाहीत, त्यांना नाटकाचं इंजिन चालवू देत नाहीत, ही तिची कायमची तक्रार.

१९९२ मध्ये ती उत्तर लंडनच्या हॅम्पस्टेड आणि हायगेट मतदारसंघातून उभी राहिली आणि जिंकली. गंमत म्हणजे देशात तिचा पक्ष हरला, सलग चौथ्यांदा. आणि मग तिनं अभिनय बंद केला. 'जमेल तसं करू', 'एखादा पाहुणा रोल' असलं काही नाही. बंद म्हणजे बंद. २३ वर्षं.

ही वर्षं काही विजयाची मिरवणूक नव्हती, हेही सांगायला हवं. १९९७ मध्ये टोनी ब्लेअरच्या सरकारात ती वाहतूक खात्याची कनिष्ठ मंत्री झाली. १९९९ मध्ये ते पद सोडून लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. इराक युद्धाच्या वेळी ती स्वतःच्याच पंतप्रधानाच्या विरोधात उभी राहिली. पुन्हा मंत्रिपद काही आलं नाही. २०१० मध्ये तर ती फक्त ४२ मतांनी निवडून आली! पहिल्या आणि तिसऱ्या उमेदवारात हजार मतांचंही अंतर नव्हतं. आपल्या एका बिल्डिंगमध्ये ४२पेक्षा जास्त मतं असतात.

आणि आता तो राडा. ८ एप्रिल २०१३ला थॅचर गेल्या. १० तारखेला संसदेत श्रद्धांजलीची भाषणं झाली. सगळे गोड गोड बोलत होते. ग्लेंडा उठली आणि तिनं आपल्या मतदारसंघातलं त्या काळचं चित्र मांडलं. शाळांच्या भिंतींचा गिलावा मुलांची चित्रं आणि चिकटपट्टी यांच्या आधारानं टिकलेला. ग्रंथालयातली फळकुटं रिकामी. रात्री दुकानांच्या दारात झोपणारी बेघर माणसं. समोरून आरडाओरडा सुरू झाला, एका सदस्यानं हरकत घेतली. सभापतींनी मात्र सांगितलं की नियमाबाहेर काहीही घडलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलावं का? आपल्या संस्कारात ते बसत नाही, मलाही पहिल्यांदा ऐकताना अवघडल्यासारखं झालं. तुम्ही यूट्यूबवर ऐका आणि ठरवा. पण ते भाषण ऐकताना एक कळतं. २० वर्षं स्टेजपासून दूर असलेल्या बाईचा आवाज जराही गंजला नव्हता.

लिअर

२०१५ मध्ये ती निवडणुकीला उभी राहिली नाही. वय ७९. लोकांना वाटलं, आता निवृत्ती. पुढच्याच वर्षी, २०१६च्या हिवाळ्यात, लंडनच्या ओल्ड विक थिएटरात डेबोरा वॉर्नरच्या दिग्दर्शनाखाली ती 'किंग लिअर' करत होती. राजाची राणी वगैरे केली नाही. राजा तो राजाच.

लिअर म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मधल्या आप्पा बेलवलकरांच्या मागे लिअरचीच सावली आहे. म्हातारा सगळं मुलांना देऊन टाकतो आणि रस्त्यावर येतो. लिअर स्वतःचं वय ऐंशीच्या पुढचं सांगतो. ग्लेंडा ८०ची होती. या भूमिकेला एवढी ताकद लागते की बरेच नट ती साठीतच उरकून घेतात.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. वादळाच्या प्रसंगात लिअर उघड्यावर भिजत असतो आणि त्याला पहिल्यांदा आठवतात आपल्या राज्यातली ती माणसं, ज्यांच्या डोक्यावर कधी छप्परच नव्हतं. मी राजा असताना यांची फारशी पर्वा केली नाही, हे तो कबूल करतो. आता विचार करा, हे कोण म्हणतंय? ती बाई, जिनं ३ वर्षांपूर्वी संसदेत दुकानांच्या दारात झोपणाऱ्यांबद्दल बोलून शिव्या खाल्ल्या होत्या. २३ वर्षं घरांची, पेन्शनची, फाटक्या शाळांची गाऱ्हाणी ऐकलेली. तालमीत असं काही शिकवता येतं का? मला नाही वाटत.

त्यानंतर तर धडाकाच. २०१८ मध्ये ब्रॉडवेवर एडवर्ड अल्बीचं 'थ्री टॉल विमेन' आणि ८२व्या वर्षी टोनी पुरस्कार. म्हणजे ऑस्कर, एमी, टोनी तिन्ही झाले. २०१९ मध्ये ब्रॉडवेवर पुन्हा लिअर. त्याच वर्षी बीबीसीच्या 'एलिझाबेथ इज मिसिंग'मध्ये स्मृती हरवत चाललेली आजी, त्यासाठी बाफ्टा. शेवटचा सिनेमा 'द ग्रेट एस्केपर', मायकल केनबरोबर. १९७५ मध्येही दोघांनी एकत्र काम केलं होतं. १५ जून २०२३ला ती गेली, वय ८७. सिनेमा त्यानंतर काही महिन्यांनी लागला.

तर मग गॅपचं काय?

खरं सांगायचं तर 'बघा, तीही परत आली, तुम्हीही याल' असं म्हणून एपिसोड संपवायचा मोह झाला होता. पण ते खोटं होईल. तिच्याकडे २ ऑस्कर होते, दारं उघडायला ते पुरतात. आपल्याकडे लग्नानंतर नाटक सोडलेल्या, पोरं झाल्यावर नोकरी सोडलेल्या किती बायकांसाठी २५ वर्षांनी कुणी थिएटर उघडून बसलंय? आणि परत आल्यावर ग्लेंडानं स्वतःच सांगितलं, की बायकांच्या भूमिकांचं दुखणं ती गेली तेव्हा होतं तसंच आहे. ८०व्या वर्षी तिच्या तोलामोलाची भूमिका मिळाली, ती पुरुषाची.

पण एक गोष्ट मी नक्की उचलली. त्या २५ वर्षांना ती कधी गॅप म्हणालीच नाही. तिच्या लेखी ते काम होतं, बाकी काही नाही. परवा माझा पुढचा इंटरव्ह्यू झाला. तोच प्रश्न आला. मी म्हटलं, "८ महिने बाबांची शुश्रूषा केली. ड्रेसिंग बदलायला शिकलो, इन्शुरन्सवाल्यांशी भांडायला शिकलो." समोरच्या बाई हसल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. निकाल अजून यायचाय.

तुमच्या घरात अशी कुणी आहे का, जिनं काहीतरी अर्धवट सोडलंय? आज तिला विचारा, काय सोडलं होतं. आणि मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, तोवर ऐकत राहा, आणि हो, वाचतसुद्धा राहा!