व्हाइट रिम रोड : जिथे 'ऑफ-रोडिंग'चा पहिला नियम आहे रस्ता न सोडणं

ही रील तुम्हीही पाहिली असेल. लालभडक उभा कडा, त्याला चिकटून खाली उतरत जाणारी कच्च्या रस्त्याची वळणं आणि त्यावरून मुंगीसारखी सरकणारी एक जीप. खाली कमेंट ठरलेली : "भावा, एकदा तरी जायचंच!"

त्या रीलमधला रस्ता बऱ्याचदा अमेरिकेतल्या युटा राज्याचा असतो. नाव शाफर ट्रेल. तो खाली उतरतो आणि एका मोठ्या रस्त्याला मिळतो, त्याचं नाव व्हाइट रिम रोड. वाळवंटातल्या दऱ्याखोऱ्यांतून गाडी चालवत, रात्री तंबूत मुक्काम करत करायच्या सहलींमध्ये या रस्त्याचं नाव जगभर घेतलं जातं. पण रीलमध्ये जे दिसत नाही, त्यावरच ही सहल उभी असते. या वाटेवर पाणी नाही, पेट्रोल नाही, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. आणि 'ऑफ-रोड' म्हणून प्रसिद्ध असलेल्या या वाटेवर रस्ता सोडून चाक बाहेर घालायला सक्त मनाई आहे.

हे सगळं नेमकं काय प्रकरण आहे, ते समजून घेऊ.

हा रस्ता आहे कुठे?

युटाच्या आग्नेय भागात मोआब नावाचं छोटं शहर आहे. त्याच्याजवळ कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान आहे. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्या याच उद्यानात एकमेकींना मिळतात. संगमाच्या वरच्या अंगाला, दोन्ही नद्यांच्या मधोमध एक उंच पठार आहे. त्याला 'आयलंड इन द स्काय' म्हणतात, म्हणजे आकाशातलं बेट.

पठाराच्या माथ्यापासून साधारण ३५० ते ४०० मीटर खाली पांढरट कातळाचा एक सपाट टप्पा आहे. घराच्या जोत्याभोवती ओटा असावा, तसा हा टप्पा पठाराला वळसा घालतो. त्याच्याही खाली पुन्हा कडे आणि तळाशी नद्या. हा पांढरा ओटा म्हणजे 'व्हाइट रिम', आणि त्याच्यावरून गेलेला सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता म्हणजे व्हाइट रिम रोड.

हा ओटा तयार झाला तो खडकांच्या कमी-जास्त कठीणपणामुळे. पांढरा वालुकाश्म २५ कोटी वर्षांहून जुना आहे. तो टणक असल्याने सावकाश झिजतो. त्याच्या खालचा लाल थर मऊ, तो लवकर झिजतो. म्हणून वर पांढरी टोपी आणि खाली लाल खांब, असे शेकडो सुळके इथे उभे दिसतात. मॉन्युमेंट बेसिन नावाच्या खोलगट भागात तर त्यांची गर्दीच आहे.

मग इतक्या उजाड जागी रस्ता बांधला कुणी?

युरेनियमसाठी बांधला गेला.

दुसरं महायुद्ध संपलं, शीतयुद्ध सुरू झालं आणि अमेरिकेला अणुबॉम्बसाठी देशातच युरेनियम हवं होतं. १९५२ मध्ये चार्ली स्टीन या भूवैज्ञानिकाला मोआबच्या दक्षिणेला मोठा साठा सापडला आणि एका रात्रीत नशीब काढायला लोकांची रीघ लागली. शोध सोपा व्हावा म्हणून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने या भागात रस्ते काढून दिले. व्हाइट रिम रोड त्यातलाच, १९५० च्या दशकातला. शाफर ट्रेल त्याहून जुनी. आधी इथल्या मूलनिवासींची पायवाट, मग शाफर कुटुंबाची गुरं नेण्याची वाट आणि शेवटी खनिजाच्या ट्रकसाठी रुंद केलेला घाट.

गंमत म्हणजे, आज उद्यान असलेल्या या भागात युरेनियम फारसं निघालंच नाही. पण रस्त्यांमुळे माणसं आत पोचू लागली. शेजारच्या आर्चेस उद्यानाचे प्रमुख बेट्स विल्सन सरकारी पाहुण्यांना जीपमधून या भागात फिरवत, संध्याकाळी उघड्यावर जेवण रांधून खाऊ घालत आणि ही जागा जपायला हवी हे पटवून देत. तेव्हाचे अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल हेही त्यांच्यासोबत फिरले. शेवटी १२ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे जमीन खणायला काढलेले रस्ते तीच जमीन वाचवायला कामी आले.

सहल असते कशी?

चारचाकीने जाणारे बहुतेक लोक दोन ते तीन दिवस घेतात. माउंटन बाइकवाल्यांना तीन-चार दिवस लागतात. १६० किलोमीटरला तीन दिवस? हो, कारण बराचसा रस्ता सायकलच्या वेगानेच चालवावा लागतो.

शाफर ट्रेलने उतरून घड्याळाच्या दिशेने निघालं की आधी कोलोरॅडो नदीची बाजू लागते. थोड्याच अंतरावर मसलमन आर्च आहे. ही कमान जमिनीच्या पातळीलाच असल्याने दरीवर टाकलेल्या साकवासारखी दिसते. पुढे गूजबेरी, मग दक्षिण टोकाला व्हाइट क्रॅक. तिथून रस्ता वळतो आणि ग्रीन नदीची बाजू सुरू होते. मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबल हिल हे दोन चढ भल्याभल्यांचा घाम काढतात : अरुंद, तीव्र आणि एका बाजूला थेट दरी. नदीकाठच्या फोर्ट बॉटममध्ये पूर्वजांच्या काळातल्या प्युएब्लो लोकांनी दगडांनी रचलेला बुरूज आजही उभा आहे. शेवटी मिनरल बॉटमचा घाट चढून गाडी पुन्हा माथ्यावर येते.

समोरून गाडी आली तर नियम आपल्या घाटांतलाच : चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. फरक इतकाच, की इथे बाजू देण्यासाठी कधीकधी बरंच अंतर मागे जावं लागतं.

कुठलीही एसयूव्ही चालते का?

नाही. इथे चार चाकांना ताकद देणारी, जमिनीपासून पुरेशी उंच आणि 'लो रेंज' गिअर असलेलीच गाडी लागते.

लो रेंज म्हणजे इंजिनाचा तोच जोर कमी वेगात, पण जास्त ताकदीने चाकांपर्यंत पोचवणारी सोय. चढताना तिचा उपयोग होतोच, पण उतरताना जास्त होतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि धरेनासा होतो. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरतं. आपल्याकडच्या थार किंवा जिम्नीच्या फोर-बाय-फोर गाड्यांत ही सोय असते. नुसतं 'ऑल व्हील ड्राइव्ह' लिहिलेल्या बऱ्याच शहरी एसयूव्हींमध्ये नसते.

अनुभवी लोक कच्च्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी करतात. त्यामुळे टायर पसरतो, पकड वाढते आणि धक्के कमी बसतात. अर्थात डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून सोबत छोटा कॉम्प्रेसर हवा. पूर्ण आकाराचं जादा चाक, जॅक, फावडं आणि ओढदोर हेही लागतंच. मध्येच गाडी बंद पडली, तर ती बाहेर ओढून आणायला सहज १,००० डॉलरहून जास्त खर्च येतो. विमानतळावर भाड्याने मिळणाऱ्या साध्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जायला बहुधा मनाईच असते. त्यामुळे मोआबमधून खास अशा वाटांसाठी दिली जाणारी जीप घेणं शहाणपणाचं.

पाण्याचं गणित

आता मुख्य मुद्दा. या संपूर्ण वाटेवर पिण्याच्या पाण्याची कुठेही सोय नाही. खाली दोन नद्या दिसत राहतात, पण बहुतेक ठिकाणी त्या कड्यांच्या तळाशी आहेत. जिथे पोचता येतं, तिथलं पाणी गाळाने गढूळ असतं.

उद्यानाचा सल्ला आहे : माणशी, दिवसाला किमान ४ लिटर. चार जण, तीन दिवस म्हणजे ४८ लिटर. गाडी अडकली तर एक दिवस जादा धरा : ६४ लिटर. म्हणजे आपल्याकडचे २० लिटरचे तीन जार भरूनही थोडं कमीच पडतं. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा हिशोबही तोकडा ठरतो. हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. शरीरातलं पाणी किती कमी झालं, हे लवकर कळतच नाही.

ही नुसती भीती घालणं नाही. जुलै २०२४ मध्ये याच उद्यानात, याच पठाराच्या परिसरात पायी फिरणारे वडील आणि त्यांची तरुण मुलगी वाट चुकले. पाणी संपल्याचा मेसेज त्यांनी पाठवला. मदत पोचेपर्यंत दोघांचाही मृत्यू झाला होता.

ऊन नको, पाऊस चालेल?

इथे वर्षाला सरासरी २५० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, कोकणातल्या पावसाचा जेमतेम दहावा हिस्सा. पण जुलै ते सप्टेंबरमध्ये तो वादळी सरींनी एकदम कोसळतो. उघड्या कातळात पाणी मुरत नाही. ते थेट ओढ्यांत उतरतं. आपल्याकडे वर डोंगरात पाऊस होऊन धबधब्याला अचानक लोंढा येतो, तसंच. तुमच्या डोक्यावर कोरडं आकाश आणि समोरच्या कोरड्या ओढ्यात पुराचं पाणी, असं होऊ शकतं. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करायची नाही आणि तंबूही ठोकायचा नाही.

दुसरी अडचण चिखलाची. इथल्या काही थरांत ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली चिकणमाती आहे. ती भिजली की फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. अशा वेळी घाट चढायचा प्रयत्न न करता थांबायचं. ऑगस्ट २०१० मधल्या पावसात मिनरल बॉटमचा घाटच वाहून गेला होता. तो पुन्हा बांधून २०११ मध्ये सुरू झाला.

त्यामुळे वसंत आणि शरद हे इथले चांगले ऋतू. तरीही एका दिवसातच तापमानात २० अंशांहून जास्त फरक पडू शकतो. दुपारी टी-शर्ट, रात्री जाड जॅकेट.

रस्ता का सोडायचा नाही?

रस्त्याच्या कडेला वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो मळ वाटतो, पण तो जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल असे सूक्ष्म आणि छोटे जीव मिळून तो बनतो. त्यांचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात. त्यामुळे वाळू उडत नाही, ओल टिकते, नायट्रोजन मिळतो आणि झुडपांना रुजायला जागा मिळते. या वाळवंटाची सगळी हिरवळ याच पापुद्र्यावर उभी आहे.

त्यावरून एकदा चाक गेलं की पापुद्रा चुरा होतो. पूर्ण भरून यायला कित्येक दशकं लागतात, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. तुमची रील १५ सेकंदांची, तिच्यासाठी उमटलेला चाकोरा मात्र तुमच्या नातवंडांनाही दिसेल. २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग तलावात गाडी घातल्याचे व्हिडिओ व्हायरल झाले, तेव्हा लोक चिडले होते. इथे नुकसान तितकं डोळ्यांत भरत नाही, इतकाच फरक.

परवाना आणि मुक्काम

मुक्कामाच्या प्रत्येक सहलीला परवाना लागतो. एका दिवसात फेरी मारायची असली तरी लागतो. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आणि मोजक्या आहेत, म्हणून चांगल्या ऋतूतलं बुकिंग कित्येक महिने आधीच भरतं. एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३ गाड्या. तळांवर साधी कोरडी शौचालयं आहेत, बाकी काही नाही. लाकडं पेटवायला बंदी, त्यामुळे स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. कुत्रा सोबत नेता येत नाही, गाडीत बसवूनसुद्धा. खरकट्यासकट सगळा कचरा परत आणायचा.

याच्या बदल्यात मिळते ती रात्र. कॅन्यनलँड्सला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. अमावास्येच्या आसपास गेलात, तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसते.

आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त साधन

ए. आर. रहमानचं संगीत असलेला '१२७ अवर्स' हा सिनेमा आठवतो? ती खरी गोष्ट आहे. एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा तरुण कॅन्यनलँड्सच्या एका भागाजवळच्या घळीत एकटाच गेला. निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा हात अडकला. पाच दिवसांनी स्वतःचाच हात कापून तो सुटला. आपण कुठे जातोय, हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्याला शोधायला नेमकं कुठे जायचं, हेच कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून निघण्याआधी एका कागदावर लिहा : कोणत्या वाटेने जाणार, कोणत्या रात्री कुठल्या तळावर मुक्काम, गाडीचा नंबर काय आणि परत कधी येणार. अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळव, असं सांगून तो कागद घरच्या किंवा विश्वासातल्या माणसाकडे द्या. शक्य असेल तर उपग्रहावरून मेसेज पाठवणारं उपकरणही सोबत ठेवा.

आणि रील? ती खुशाल काढा. फक्त चारही चाकं रस्त्यावर ठेवून.