एन्रॉनचे शेअर आणि पन्नाशीची अट

१/ एन्रॉन म्हटले की मराठी वाचकाला दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो. त्याच कंपनीच्या अमेरिकेतील कर्मचाऱ्यांच्या पुंजीचे काय झाले, याची चर्चा मात्र आपल्याकडे क्वचितच होते. त्यामागे एक रुक्ष वाटणारा प्रश्न आहे : स्वतःच्या कंपनीचे शेअर विकून पैसा अन्यत्र गुंतवण्याची मुभा नोकरदाराला केव्हा मिळावी?

२/ आरंभ १९५६ चा. पालो आल्टो येथील पेनिन्सुला न्यूजपेपर्स ही कंपनी कर्मचाऱ्यांच्या मालकीची व्हावी, यासाठी वकील लुई केल्सो यांनी एक योजना आखली. विश्वस्त निधीने मालकांचे शेअर घ्यायचे आणि त्यांची किंमत कंपनीच्या उत्पन्नातून फेडायची. हीच अमेरिकेतील ‘ईसॉप’. आपल्याकडे या शब्दाने शेअरखरेदीचा पर्याय अभिप्रेत असतो. तिथे ती निवृत्तियोजना आहे.

३/ १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्याने निवृत्तिनिधी विविध ठिकाणी गुंतवण्याचा दंडक घातला, पण ईसॉपला त्यातून वगळले. सिनेटर रसेल लाँग या योजनेचे खंदे पुरस्कर्ते होते. शेअर विकले तर मालकी उरणार कशी, हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु पगार आणि म्हातारपणाची पुंजी त्यामुळे एकाच कंपनीवर अवलंबून राहिली.

४/ पहिली सवलत १९८६ च्या करसुधारणा कायद्याने दिली. वय ५५ आणि योजनेतील सहभाग १० वर्षे, अशा दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्यास पुढील पाच वर्षांत २५ टक्क्यांपर्यंत आणि सहाव्या वर्षी एकूण ५० टक्क्यांपर्यंत शेअर मोकळे करता येऊ लागले. पन्नाशीच्या आतील कर्मचारी होता तिथेच राहिला.

५/ मग २००१ उजाडले. एन्रॉनच्या ‘४०१(के)’ या बचतयोजनेतील सुमारे ६२ टक्के मालमत्ता २००० च्या अखेरीस एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. कंपनीने आपल्या वाट्यापोटी दिलेले शेअर वयाच्या पन्नाशीपर्यंत विकता येत नसत. वर्षारंभी ८० डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबरमध्ये दिवाळखोरीच्या वेळी एका डॉलरखाली आला. नोकरी आणि पुंजी एकदमच गेली.

६/ त्यानंतर २००६ चा निवृत्तिवेतन संरक्षण कायदा आला. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरता नियम पालटला : स्वतःच्या पैशातून घेतलेले शेअर केव्हाही विकावेत; कंपनीने दिलेले, तीन वर्षांच्या सेवेनंतर. वयाची अट गेली. मात्र केवळ कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या स्वतंत्र ईसॉपना आणि बाजारात नसलेल्या कंपन्यांना यातून वगळले गेले. तिथे ५५ आणि १० हेच आकडे कायद्याचे किमान बंधन म्हणून राहिले.

७/ हे वगळणे निव्वळ मालकधार्जिणे नव्हते. ज्या शेअरला बाजारच नाही, तो अखेर कंपनीलाच रोख मोजून परत घ्यावा लागतो. तरुण कर्मचाऱ्यांनीही तशी मागणी केली, तर ज्या धंद्याची मालकी जपायची त्याचेच भांडवल आटेल. अट सैल करण्यातली खरी अडचण ही आहे.

८/ तरीही या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. १९८६ ची सवलत वार्धक्याकडे पाहून दिली गेली, २००६ ची सर्वनाश पाहून. मालकी म्हणजे ठेवण्याचा हक्क, तसाच विकण्याचाही. एन्रॉनच्या पन्नाशीआतील कर्मचाऱ्याला त्यातला पहिलाच मिळाला होता.