हृदय पुनर्वसन, गृहाधारित

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर रुग्णाने परिचारिका वा फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने घरीच करायचा व्यायाम, औषधे, आहार आणि मनोधैर्य यांचा कार्यक्रम. एकेकाळी झटक्यानंतर कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राहणे हाच उपचार मानला जाई. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून त्या समजुतीला धक्का दिला. पुढे एडिंबरोत ‘हार्ट मॅन्युअल’ ही सहा आठवड्यांची स्वयंसाहाय्य पुस्तिका तयार झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या १७६ रुग्णांच्या चाचणीत ती वापरणाऱ्यांची चिंता कमी झाली, डॉक्टरांकडच्या खेपाही घटल्या.

व्यायाम म्हणून चालताना वेगाची खूण साधी आहे: चालताना सलग वाक्य बोलता यावे, धापेने शब्द तुटू लागले की पाऊल मंद करायचे. छातीत दुखले तर तत्काळ थांबून डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची.

सर्वांत उपेक्षित भाग भीतीचा. जिन्याची पहिली पायरी पाहूनच थबकणारा रुग्ण आणि काळजीपोटी त्याला पाण्याचा तांब्याही उचलू न देणारे घरचे, दोघांनाही समजावणे हा उपचारच होय. विश्रांतीतही छातीत दुखणाऱ्या अस्थिर रुग्णाला मात्र हा कार्यक्रम देत नाहीत.