मृगातील तेजोमेघ : ताऱ्यांच्या जन्माविषयीच्या एका प्रश्नाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या कोरडवाहू मुलखात 'मृग' हा शब्द प्रथम पावसाचा आहे, आकाशाचा त्यानंतर. जूनच्या 7 किंवा 8 तारखेस सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि शेतकऱ्याचे लक्ष पेरणीकडे लागते; परंतु सूर्याच्या सान्निध्यामुळे नेमक्या त्याच दिवसांत ते नक्षत्र दिसत नाही. ते रात्रीच्या आकाशात उंच चढलेले दिसते ते हिवाळ्यात, शिवारात रब्बीची ज्वारी उभी असताना. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांना मराठीत 'तिकांडे' म्हणतात. हा शब्द ऐतरेय ब्राह्मणातील कथेशी जोडलेला आहे: मृगरूप घेतलेल्या प्रजापतीस ज्या त्रिकांड बाणाने विद्ध केले, तो बाण म्हणजे हे तीन तारे. लोकमान्य टिळकांनी 1893 साली 'ओरायन' ग्रंथात वेदकालनिर्णयासाठी ह्याच नक्षत्राचा आधार घेतला. तात्पर्य, मराठी वाचकास मृगाचा परिचय पाऊस, पुराण आणि पंचांग ह्या तीन वाटांनी आहे.

तिकांड्याच्या दक्षिणेस नुसत्या डोळ्यांनीही एक पुसटसा डाग दिसतो. तो सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ होय. ज्यात नवे तारे जन्मास येतात अशा प्रचंड वायुमेघांपैकी हा आपल्याला सर्वांत जवळच्यांपैकी एक आहे. त्याच्या गाभ्यात अत्यंत तप्त आणि वजनदार अशा तरुण ताऱ्यांचा एक लहानसा गट आहे. हे तारे आपल्या भोवतालच्या वायूचे काय करतात? ते पुढील ताऱ्यांच्या जन्मास साहाय्य करतात, की त्या जन्माची सामग्रीच उधळून लावतात? ह्या एका प्रश्नाचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्या इतिहासाचा एक धागा हैदराबादमार्गे धाराशिवच्या शिवारापर्यंत येतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

ह्या तेजोमेघाचे दुर्बिणीतून केलेले पहिले ख्यातनाम वर्णन 1656 साली हॉयगेन्सने केले. त्याने गाभ्यातील तीन तारे वेगळे ओळखले. परंतु हा डाग दूरच्या ताऱ्यांचा पुंज आहे की खरोखरच वायू आहे, हे पुढील दोन शतके निश्चित होऊ शकले नाही. 1864 मध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि त्यात अखंड पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा आढळल्या. मृगातील मेघाचा वर्णपटही त्याच जातीचा निघाला. म्हणजे हा वायूच होता. 1880 मध्ये हेन्री ड्रेपरने त्याचे पहिले छायाचित्र घेतले. त्या रेषांपैकी काही कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. 1927 मध्ये बोवेनने दाखवून दिले, की त्या रेषा मुख्यतः दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. काही दशके एक नाव वस्तूवाचून नांदले, हा शब्दाच्या अभ्यासकानेही ध्यानात ठेवण्याजोगा प्रसंग आहे.

वायू चमकतो कशामुळे, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मेघनाद साहा ह्यांनी 1920 मध्ये मांडलेला आयनीभवनाचा सिद्धांत पायाभूत ठरला. त्यानंतर 1939 मध्ये स्ट्रॉमग्रेनने तप्त तारा आणि भोवतालचा हायड्रोजन ह्यांचा हिशेब मांडला. सुमारे 40,000 अंश तपमानाच्या ताऱ्यातून निघणारे जंबुपार किरण हायड्रोजनचे अणू फोडतात. फुटलेले कण पुन्हा एकत्र येतात आणि पुन्हा फुटतात. ह्या देवघेवीत किरण खर्ची पडत जातात आणि एका अंतरावर पूर्ण संपतात. तेथे आयनीभूत प्रदेशाची सीमा असते आणि ती बरीच रेखीव असते. ताऱ्याची सत्ता कोठवर चालते, हे अशा रीतीने प्रथमच मोजता आले.

ह्या काळात धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. नवाब जफर जंग ह्यांनी 1901 साली स्थापिलेली निजामिया वेधशाळा पुढे बेगमपेठेत गेली आणि 1919 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या अखत्यारीत आली. त्या विद्यापीठास आणि उस्मानाबाद ह्या जिल्हानामास एकाच शेवटच्या निजामाचे, मीर उस्मान अली खानांचे, नाव लाभले होते. (जिल्ह्याचे 'धाराशिव' हे नाव अधिकृतपणे 2023 मध्ये परत आले.) आकाशाचा छायाचित्रीय नकाशा करण्याचा जो आंतरराष्ट्रीय संकल्प 1887 मध्ये पॅरिस येथे झाला, त्यात हैदराबादकडे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस 17 ते 23 अंशांचा पट्टा आला. हा पट्टा मृगाच्या पायाखालून, शशक तारकासमूहातून जातो. तेजोमेघ त्यात येत नाही. शिवाय ते कार्य ताऱ्यांच्या स्थाननिश्चितीचे होते. ताऱ्यांमधील वायूची भौतिकी हा त्याचा विषय नव्हता. तथापि, काटेकोर वेधांची परंपरा दख्खनच्या पठारावर रुजली ती ह्याच कार्यामुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. 1947 मध्ये अंबार्तसुम्यानने दाखवले, की वजनदार ताऱ्यांचे विरळ समूह फार काळ एकत्र राहू शकत नाहीत. अर्थात ते अलीकडेच जन्मलेले असले पाहिजेत. तारे आजही जन्मत आहेत, ह्याचा तो भक्कम पुरावा होता. 1955 मध्ये ऊर्ट आणि स्पिट्झर ह्यांनी पुढचा विचार मांडला. ताऱ्यासमोर आलेल्या थंड मेघाचा दर्शनी पृष्ठभाग तापतो, तेथील वायू ताऱ्याच्या दिशेने वेगाने निसटतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने उरलेला मेघ अग्निबाणासारखा मागे ढकलला जातो. 1977 मध्ये एल्मग्रीन आणि लाडा ह्यांनी प्रतिपादिले, की प्रसरण पावणाऱ्या आयनीभूत प्रदेशापुढे वायूचा थर साचत जातो, तो स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो आणि त्यातून वजनदार ताऱ्यांची पुढील पिढी निर्माण होते.

ह्या मतास मृगातच आधार दिसत होता. ब्लाऊने 1964 मध्ये मांडलेल्या मीमांसेनुसार तिकांड्याच्या वायव्येकडील ताऱ्यांचा गट सर्वांत जुना, तिकांड्याचा त्याहून तरुण आणि तेजोमेघातील गट सर्वांत तरुण ठरतो. जणू जन्माची लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली. परंतु कालक्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शेजारच्या दोन भाषांत एक रूप आधी व दुसरे नंतर आढळले, एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. तसेच मेघाच्या कडेवर तरुण तारा आढळला, म्हणून तो शेजाऱ्याच्या दाबामुळेच जन्मला असे ठरत नाही. तो एरवीही जन्मला असता. गाइया उपग्रहाच्या मोजणीनंतर तर हे गट एकमेकांत पुष्कळ मिसळलेले दिसून आले आहेत.

निर्णय व्हावयाचा तर वायूची हालचालच पाहावयास हवी. त्यासाठी कार्बन उपयोगी पडतो. कार्बनचा अणू फोडण्यास हायड्रोजनपेक्षा कमी ऊर्जा लागते. म्हणून आयनीभूत प्रदेशाच्या सीमेपलीकडे, जेथे हायड्रोजन अभंग असतो, तेथेही कार्बन आयनीभूत सापडतो आणि 158 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देतो. पण हा प्रकाश पृथ्वीवरील बाष्प शोषून घेते. त्यामुळे दुर्बीण वातावरणाच्या वर न्यावी लागते.

हे कार्य पुन्हा हैदराबादकडे आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तेथील बलून केंद्रावरून 100 सेंटीमीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण 30 किलोमीटरच्या आसपास उंचीवर नेली जात असे. 1999 पासून तीवर जपानी वर्णपटमापक बसवण्यात आला आणि मृगातील मेघाचा कार्बनरेषेतील विस्तृत नकाशा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. काम संपले, की बलूनवरील उपकरणे रंगीत हवाई छत्रीने खाली येतात. ती हैदराबादपासून 200 ते 350 किलोमीटरपर्यंत उतरू शकतात. म्हणूनच ह्या केंद्राच्या जाहीर सूचनांत सोलापूर व लातूर ह्यांच्याबरोबर उस्मानाबाद जिल्ह्याचेही नाव येते. सूचनेचा आशय साधा असतो: पेटी सापडल्यास उघडू नये, हलवू नये, पोलिसांस वा केंद्रास कळवावे, काही भागांत उच्च विद्युतदाब असू शकतो. उड्डाणांचा हंगाम सामान्यतः नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे रब्बीचा आणि रात्री मृग दिसण्याचाच. तीच दुर्बीण पुन्हा वर जावयाची असल्याने ती शाबूत परत मिळणे आवश्यक असे, आणि ते सर्वस्वी शिवारातल्या माणसाच्या संयमावर अवलंबून होते.

बलूनवरील यंत्राने प्रकाश कोठे आणि किती, हे दाखवले. वायूची मंद गती मोजण्याइतके त्याचे पृथक्करण सूक्ष्म नव्हते. ते काम विमानात बसवलेल्या 'सोफिया' दुर्बिणीने केले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गाभ्यातील सर्वांत वजनदार ताऱ्याच्या वाऱ्याने वायूचे एक कवच फुगवले आहे. ते सेकंदास सुमारे 13 किलोमीटर वेगाने पसरत असून त्यात एक हजार सूर्यांहून अधिक द्रव्य आहे. हा वायू मेघापासून दूर लोटला जात असल्याने त्या भागात नव्या ताऱ्यांची निर्मिती खुंटते. जन्मलेल्या ताऱ्यांनाही ह्या शेजाराची झळ पोहोचते: हबल दुर्बिणीने 1990च्या दशकात तेथील लहान ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या तीव्र किरणांमुळे झिजत असल्याचे दाखवले. त्या तबकड्या म्हणजे ग्रहांची सामग्री होय.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर एकेरी नाही. दाट मेघ दूर कडेला असेल, तर ताऱ्याचा दाब त्यास आवळतो आणि जन्मास चालना मिळू शकते. वायू जवळ आणि विरळ असेल, तर तो उधळला जातो. मृगाच्या गाभ्यात आज उधळणीचे पारडे जड दिसते.

राहतो तो भाषेचा प्रश्न. पावसाचा मृग आणि पुराणातला मृग मराठीत नांदतात. ताऱ्यांच्या जन्माचा मृग मात्र अद्याप पाठ्यपुस्तकाबाहेर पडलेला नाही. शेतात उतरलेल्या पेटीस 'हात लावू नका' एवढे मराठीत सांगितले जाते. ती पेटी कोणत्या नक्षत्राकडे पाहून आली, हे सांगितले जात नाही. ज्या माणसाच्या संयमावर हे संशोधन अंशतः अवलंबून राहिले, त्याला ते कळण्यास नवे शब्द फारसे लागणार नाहीत. 'मृग' हा शब्द त्याच्याजवळ आहेच. त्यात एका अर्थाची भर तेवढी घालावयाची आहे.