कथेतला कालप्रवास : भूतकाळ बदलता येतो का?

कथेतले पात्र आपला काळ सोडून मागच्या किंवा पुढच्या काळात जाते, त्याला कालप्रवास म्हणतात. यंत्रात बसून काळात फिरण्याची कल्पना एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीने घरोघरी पोहोचवली. यंत्राशिवायचा कालप्रवास आपल्याकडे मात्र फार जुना आहे. भागवत पुराणातला राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो आणि गाणे ऐकत क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटतात. मनात धरलेली सगळी स्थळे केव्हाच नाहीशी झालेली!

पुढे जाणे लेखकाला सोपे असते, खरी पंचाईत मागे जाण्यात आहे. नातवाने भूतकाळात जाऊन आजोबांना लग्नाआधीच मारले, तर नातू जन्मला कसा? आणि जन्मलाच नाही, तर मारले कोणी? हाच तो प्रसिद्ध 'आजोबांचा विरोधाभास'.

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे भूतकाळ बदलतच नाही असे मानणे. 'हॅरी पॉटर'च्या तिसऱ्या भागात हॅरीला वाचवणारा दुसरा कुणी नसून काही तास मागे आलेला हॅरीच असतो. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२च्या कथेत याच्या अगदी उलट घडते: प्राचीन काळात एक फुलपाखरू पायाखाली चिरडते आणि वर्तमान बिघडतो.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये तिसरा मार्ग आहे, समांतर जगाचा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ मध्ये पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. लेखकाने बदल केला आहे तो एकच. विश्वासरावांना लागलेली गोळी इथे त्यांना चाटून जाते. ना यंत्र, ना बटणे. पंत इतिहासकार असल्याने ते थेट ग्रंथालय गाठतात आणि इतिहासाची वाट नेमकी कुठे फुटली ते पुस्तकांत शोधतात. वाचकाला सगळे त्या शोधातूनच कळत जाते, वेगळी माहिती द्यावी लागत नाही. परतल्यावर खिशात बखरीचे एक पान उरते, तोच काय तो पुरावा. नवोदितांनी ही कथा रचनेसाठी तरी वाचावीच.

सर्वात मोठा धोका मात्र तर्काचा नाही. चूक केव्हाही मागे जाऊन दुरुस्त करता येत असेल, तर कथेतल्या मरणाचेही कुणाला काही वाटत नाही. 'हॅरी पॉटर'च्या पाचव्या भागात मंत्रालयातली काळ मागे नेणारी उपकरणे फुटून जातात. लेखिकेने केलेली ही सोयच म्हणायची.

'इंटरस्टेलर' (२०१४) या चित्रपटात कालप्रवासाची किंमत आधीच ठरलेली आहे. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. नायक यानात परततो तेव्हा २३ वर्षांचे निरोप साठलेले असतात. पडद्यावरची मुलगी आता त्याच्याच वयाची झालेली असते.